गोळ्या राहू दे, बाबांना घेऊन जा

बेटा,

मोठ्या काकांना प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर निघाला आणि तू व्हिटॅमिन ई अन् सेलेनियमच्या गोळ्या मागवून मोकळा झालास. त्या बंद कर. याच दोन गोळ्या अमेरिकेत 2001 पासून 35 हजारांवर पुरुषांना देऊन पाहिल्या. फायदा दिसेना म्हणून 2008 मध्ये थांबवल्या. 2011 मध्ये आकडे पुन्हा तपासले, तर नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत हा कॅन्सर 17 टक्क्यांनी जास्त निघाला. टोमॅटोचाही गवगवा फार आहे. भाजीत खा, औषध समजून नको.

हा कॅन्सर हमखास टाळणारं काहीच नाही. वय आणि रक्ताचं नातं ही मोठी कारणं, दोन्हींवर इलाज नाही. पण नात्याचा हिशोब नीट लाव. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा आजार असेल तर धोका साधारण दुप्पट होतो. तुझे काका हे बाबांचे सख्खे भाऊ. तू तिशीच्या आत घाबरून बसलास, आणि ज्यांनी तपासायला हवं ते बाबा 58 व्या वर्षी "मले काई झालं नाही" म्हणत पेपर वाचताहेत.

आपल्याकडे पुरुषाचं दुखणं कंबरेखाली गेलं की कोणी त्याचं नाव घेत नाही. आजोबांना "लघवीचा त्रास" होता, एवढंच सांगतात. आजीला, आत्याला खोदून विचार: कितव्या वर्षी सुरू झालं, शेवटी हाडं दुखायची का? आईकडचंही विचार. मावशीला किंवा आजीला स्तनाचा, अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर घराण्यात बीआरसीए 2 जनुकातला दोष असू शकतो, आणि तो पुरुषांत प्रोस्टेटचा धोका वाढवतो. मुलाच्या प्रोस्टेटसाठी मावशीचा आजार विचारायचा, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

बाबा रात्री तीनदा उठतात म्हणालास. बहुतेक वेळा ती वयाबरोबर वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी असते; त्या वाढीचा पुढे कॅन्सर होत नाही. उलट सुरुवातीच्या कॅन्सरला त्रासच नसतो. लघवीतून रक्त आलं, लघवी अडली किंवा पाठीचं हाड सतत दुखू लागलं, तर मात्र थांबू नका.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन मोजायची चाचणी. तिच्याबद्दल मी बोलू शकतो, नागपुरात धंतोलीतल्या लॅबमध्ये आयुष्य गेलं माझं. पहाटे अंबाझरी तलावाला सायकल मारून थेट रक्त द्यायला येणारे किती पाहिले! पीएसए सायकलिंगने वाढतो, संभोगाने वाढतो, लघवीच्या इन्फेक्शनने तर भलताच वाढतो. दोन दिवस आधी हे टाळायचं, इन्फेक्शन असेल तर ते बरं होऊ द्यायचं. आकडा चारच्या वर गेला म्हणजे कॅन्सर असं नाही, आणि खाली आला म्हणजे सुटलो असंही नाही. म्हणून आधी डॉक्टरशी बोलणं, मग सुई. "फुल बॉडी" पॅकेजमध्ये फुकट मिळते म्हणून ही चाचणी करू नका. कॅन्सर निघालाच, तरी सावकाश वाढणारा असेल तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायलाही सांगतात.

तू केस गळतात म्हणून फिनास्टेराइड घेतोस ना? त्याने पीएसए जवळपास निम्मा दिसतो. पुढे कधी तपासलंस तर लॅबला आणि डॉक्टरला सांगायचं.

तुझ्यापुरतं म्हणशील तर पोट कमी कर. लठ्ठ माणसात हा कॅन्सर जास्त आक्रमक निघतो. सिगारेट सोड. तंबाखूच्या खर्ऱ्याचं खापर मी प्रोस्टेटवर फोडत नाही, तो तोंडाचा कॅन्सर देतो आणि नागपुरात हे सांगायला डॉक्टर लागत नाही. सावजीवर बंदी नाही, रोज नको एवढंच.

नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलात युरॉलॉजी विभाग आहे, तिथे बाबांना दाखव. काकांची बायोप्सीची फाइल सोबत असू दे, आणि ग्लीसन स्कोअर (कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा आकडा) कोणत्या पानावर आहे ते आधीच पाहून ठेव.