वाचक विचारतात : चर्चच्या मंडळीत नवा माणूस येतो तेव्हा

प्रश्न : नाशिकमध्ये सातपूर-अंबडला नोकरीसाठी किंवा देवळालीत बदलीवर आलेली कुटुंबं आमच्या उपासनेला येतात, दोन रविवार दिसतात आणि मग येत नाहीत. आम्ही त्यांना पुढे बोलावून गुलाब देतो. चुकतंय कुठे?

उत्तर : गुलाब आधी बंद करा. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून नाव-गाव सांगायचं, हे बऱ्याच जणांना नको असतं. नवा माणूस एकटा पडतो तो दोन वेळी. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, गीताचा क्रमांक सांगतात तेव्हा, आणि आशीर्वाद झाल्यानंतरच्या दहा मिनिटांत.

गीत सुरू होतं, सगळे पानं उलटतात आणि त्याच्या हातात पुस्तकच नसतं. म्हणून दाराशी असलेल्याने हात जोडून त्याला नुसतं आत सोडू नये, एखाद्या कुटुंबाशेजारी नेऊन बसवावं. त्या कुटुंबाने आपलं पुस्तक मध्ये धरावं, उभं कधी राहायचं ते हळूच सांगावं. शेवटचे दोन बाक सभासदांनी मोकळे ठेवावेत. उशिरा आलेल्याला पुढपर्यंत चालत जायला लावू नये.

उपासना संपली की आपण नातलगांकडे वळतो आणि नवा माणूस चप्पल घालून निघून जातो. दोन-तीन कुटुंबांनी ठरवूनच घ्यावं : पहिली दहा मिनिटं नातलगांशी बोलायचं नाही, कमिटीचं कामही काढायचं नाही. मात्र बोलताना आडनावावरून 'मूळचे कुठले, कोणापैकी?' असं खोदू नका. त्यातून जात विचारली जाते, आणि ती समोरच्याला बरोबर कळते. मुलांची शाळा, घरमालक, पाणी कधी येतं, हे विचारा. विचारल्याशिवाय नंबर ग्रुपमध्ये टाकू नका. आठवड्याच्या मधे एकाच घराने फोन करावा आणि महिन्याच्या आत जेवायला बोलवावं. समितीतल्या पाच जणांचे फोन गेले की चौकशी झाल्यासारखं वाटतं.

आपल्या नाशिकच्या शरणपूरची वस्तीच मुळी बाहेरून आलेल्यांची. एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे राहिली, शिकली, हातात कसब घेऊन बाहेर पडली. ख्रिस्ती कवी पंडित ना. वा. टिळकांनी 1917 साली 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांसाठी. असा वारसा असलेल्या मंडळीत नवख्याला कोपऱ्यात उभं राहावं लागू नये.

प्रश्न : मी हिंदू आहे. शेजारच्या काकूंनी नाताळच्या उपासनेला बोलावलंय. काय पाळावं?

उत्तर : जरूर जा. चपलांचं सगळीकडे सारखं नसतं. दाराशी इतर काय करतात ते पाहा. दानार्पणाची पिशवी पुढे आली तर काही टाकायलाच हवं असं नाही. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, लोक पुढे जातील, तेव्हा बसून राहा. ते साधारणपणे बाप्तिस्मा घेतलेल्या ख्रिस्ती लोकांसाठी असतं, आणि बसून राहिल्याने कोणाचा अपमान होत नाही. नंतरचा केक आणि फराळ मात्र सगळ्यांसाठी.