जुना लॉन मोवर चोक ओढला तरच चालतो, सोडला की बंद पडतो. घरी दुरुस्त होईल का?

होईल. चोकवरच चालतो म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय, बहुतेक कार्ब्युरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, तुंबलाय. आमचा फोंड्याचा मोवर उन्हाळाभर पडवीत पडून असतो, चवथीआधी अंगण साफ करायला काढला की हीच रड. पेट्रोलातलं इथेनॉल आपल्या दमट हवेतलं पाणी ओढतं, आणि उरलेल्याचा चिकट राप बसतो.

आधी स्पार्क प्लगची टोपी काढा, पेट्रोलचा कॉक बंद करा. कार्ब्युरेटरखालच्या वाटीचा बोल्ट सोडा, खाली जुनं भांडं धरा. काही जुन्या मॉडेलांत हा बोल्टच जेट असतो: उजेडात धरलात तर बारीक भोकं दिसतील, निदान दिसायला हवीत. त्यात सुई घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. वायरीतली तांब्याची एक तार पुरते. मग कार्ब क्लीनर मारा (चष्मा लावून), पण रबरी रिंग आधी काढून ठेवा, नाहीतर फुगते आणि परत बसत नाही. मी दोन घालवल्या.

जोडल्यावर ताजं पेट्रोल घाला. जोडल्यावर वाटीतून पेट्रोल गळत असेल तर फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी) बदला, दुसरं काही उघडू नका.