न्यूरोपेप्टाइड (चेतापेशी निरोपासाठी वापरतात त्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) आणि रिसेप्टर (पेशीवरची, ठराविक रेणू चिकटण्याची जागा) यांवर वाचायचं तर कोणाच्या पेपरपासून सुरुवात करावी?

माझं मत विचाराल तर अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ कँडेस पर्ट यांच्यापासून. १९७३ साली पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांचा पेपर ‘सायन्स’मध्ये आला; काम अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातलं. किरणोत्सारी नॅलॉक्सोन (अफूवर्गीय औषधांचा परिणाम रोखणारं औषध) उंदराच्या मेंदूच्या ऊतीत मिसळायचं आणि ते किती चिकटतं ते मोजायचं, एवढीच युक्ती. अफूवर्गीय औषधांसाठी मेंदूत खास रिसेप्टर आहेत, हे त्यातून दिसलं.

पण मेंदूत अफूची सोय मुळात कशाला? याचं उत्तर १९७५च्या ‘नेचर’मध्ये. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांच्या गटाने डुकरांच्या मेंदूतून एन्केफॅलिन, म्हणजे मेंदूचं स्वतःचं अफूसारखं न्यूरोपेप्टाइड, वेगळं काढलं. जेमतेम ५ अमिनो आम्लांची साखळी, तीही दोन प्रकारची: शेवटी मेथिओनिन नाहीतर ल्युसिन, बाकीची ४ तीच. चाचणी तर झकास! विजेच्या झटक्यांनी आकुंचन पावणाऱ्या उंदराच्या शुक्रवाहिनीवर मेंदूचा अर्क सोडायचा; आकुंचन मंदावलं आणि नॅलॉक्सोन दिल्यावर पूर्ववत झालं, की समजायचं माल हाच.

१९७८चं लास्कर पारितोषिक (वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार) स्नायडर, ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांना मिळालं. पर्टना वगळलं, आणि त्यांनी उघड निषेधही केला. त्यांचं नंतरचं मन-शरीरावरचं लोकप्रिय लेखन मात्र जरा जपूनच वाचा.