‘एर वाइस’चा ‘ट’ कुठे गेला?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी नववीत, संस्कृत सोडून जर्मन घेतलंय. ‘तो करतो’ला ‘एर माख्ट’, ‘तो राहतो’ला ‘एर वोन्ट’, मग ‘त्याला माहीत आहे’ला ‘एर वाइस्ट’ का नाही, नुसतं ‘एर वाइस’ का? शिकवणीच्या बाईंनी सांगितलं, अनियमित क्रियापद आहे, पाठ कर. तर ‘अनियमित क्रियापद’ हा शब्द मराठीत बरोबर आहे का, असं त्यांनी विचारलंय.

अनियमित पाणीपुरवठा असतो. अनियमित एसटी असते. क्रियापदाला हे विशेषण लावलेलं ऐकलं की माझं डोकं उठतं, कारण त्यात नियम नाही असं सुचवलं जातं आणि चौकशीच संपते. ‘अपवाद आहे, पाठ कर’ हे उत्तर नव्हे, ती हात झटकायची रीत आहे. ‘वाइस’ला नियम आहे आणि तो आपल्यातल्या निम्म्या लोकांना तोंडपाठ आहे.

गणपती अथर्वशीर्षाचा शेवट आठवा: ‘स सर्वविद्भवति य एवं वेद’. इथे ‘वेद’ म्हणजे ऋग्वेद-यजुर्वेद असं समजून हात जोडणारे मी बरेच पाहिले आहेत. अहो, हे नाम नाही, क्रियापद आहे! ‘जो हे असं जाणतो, तो सर्वज्ञ होतो.’ विद् धातू, तृतीय पुरुष, एकवचन. आता हा धातू चालवा (धातू ‘चालवतात’, ‘कॉन्ज्युगेट मारतात’ हे मी परवाच एका मुलाच्या तोंडून ऐकलं): मी वेद, तू वेत्थ, तो वेद, अनेकवचनात आम्ही विद्म. जर्मन चालवा: इश वाइस, डू वाइस्ट, एर वाइस, वीर विसन. ‘मी’ आणि ‘तो’ची रूपं दोन्हीकडे सारखी. ‘तू’च्या रूपात दोन्हीकडे त-थ-टचं शेपूट. एकवचनात दोन्हीकडे लांब स्वर, अनेकवचनात दोन्हीकडे आखूड ‘इ’. दोन भाषांना वेगळं होऊन काही हजार वर्षं झाली, तरी नाक तेच आहे.

‘माख्ट’मधला ‘ट’ म्हणजे आपला पठति-गच्छतिमधला ‘ति’. ‘अस्ति’ आणि जर्मन ‘इस्ट’ शेजारी ठेवले की दिसतं. पण ‘वेद’ला ‘ति’ नाही, कारण ते वर्तमानकाळाचं रूपच नव्हे. प्रत्यय भूतकाळाचे आहेत, संस्कृत व्याकरणात ज्याला लिट् लकार म्हणतात त्याचे. विद्‌चा जुना अर्थ ‘पाहणे’. लॅटिनमध्ये तो तसाच राहिला आणि त्यातूनच आपला व्हिडिओ आला. ‘मी पाहिलं आहे’, म्हणून ‘मला माहीत आहे’. रूप भूतकाळाचं, अर्थ आत्ताचा. भूतकाळाच्या प्रत्ययांत ‘ति’ नव्हता, म्हणून ‘एर वाइस’ला ‘ट’ नाही. तो कुठे गेला नाही, कधी नव्हताच.

आणि हे कुणा जर्मन प्राध्यापकाने शोधलं असं वाटत असेल तर अष्टाध्यायीचा तिसरा अध्याय काढा, चौथा पाद, सूत्र 83: ‘विदो लटो वा’. विद् धातूला वर्तमानकाळातच भूतकाळाचे प्रत्यय विकल्पाने लागतात. म्हणून ‘वेत्ति’ही होतं आणि ‘वेद’ही. तीन शब्दांत काम तमाम. पाणिनीला जर्मन ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण ‘वाइस’चं यापेक्षा नेमकं टिपण मी कुठे वाचलेलं नाही. त्याने ‘अनियमित’ म्हणून हात वर केले नाहीत.

इंग्रजीतून जर्मन शिकणाऱ्याला हे पचायला जड जातं. मराठी माणसाला जाऊ नये, असं माझं फार दिवसांचं म्हणणं आहे. आपण ‘मला भूक लागली’ म्हणतो तेव्हा भूक काल लागून गेलेली नसते, आत्ता पोटात कावळे ओरडत असतात. ‘कळलं’ म्हणजे आत्ता माहीत आहे. आईने हाक मारली की आपण खुर्चीतून न हलता ‘आलो!’ म्हणतो. (हा भूतकाळ कधीकधी अर्धा तास पुढचा असतो.) ‘वाइस’ हे ‘कळलं’च्या जातीचं रूप आहे. बाईंनी एवढं सांगितलं असतं तर पोरीला घोकावं लागलं नसतं.

अशी रूपं आणखीही आहेत आणि ती रोज लागतात: कान, मुस, डार्फ, माग, झोल. यांनाही ‘एर’बरोबर ‘ट’ नाही, कारण तेच. ‘एर कान’ म्हणजे ‘तो करू शकतो’, पण मूळ अर्थ ‘त्याला ते कळलेलं आहे’, आणि धातू आपला ज्ञा. ‘एर विल’ त्यांच्यात बसलेला दिसतो, पण तो बाहेरचा. ते मूळचं इच्छार्थी रूप आहे.

आता वाइस-विसन ही स्वरांची अदलाबदल. वैदिक उच्चारात ‘वेद’मध्ये आघात ‘वे’वर, ‘विद्म’मध्ये शेवटच्या ‘म’वर. आघात सरकला की धातू आकसतो. पुढे जर्मनिक भाषांनी (म्हणजे जर्मन, इंग्रजी आणि त्यांच्या भावंडांनी) आघात पहिल्या अक्षरावर पक्का केला. म्हणजे आघात गेला आणि वळ राहिला. बाइसन-बिस (चावणे-चावला), श्नाइडन-श्निट (कापणे-कापलं) या जोड्या त्याच वळाच्या खुणा आहेत. जर्मन भाषापंडित याकोब ग्रिमला मात्र या स्वरबदलात भाषेचा काही अंतःप्राण दिसायचा. आपल्याच जोरावर भूतकाळ करणाऱ्या क्रियापदांना त्याने ‘श्टार्क’, बलवान, म्हटलं आणि भूतकाळासाठी ‘टे’ प्रत्ययाची काठी लागणाऱ्यांना दुबळं. फ्रान्झ बोपला ते पटलं नाही. बोप म्हणजे 1816 साली संस्कृतची क्रियापदं ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मनिक क्रियापदांशेजारी मांडून चालवणारा माणूस; तुलनात्मक भाषाशास्त्राचा पाया त्या पुस्तकाने घातला. त्याचं म्हणणं, प्रत्यय जड झाला की धातू हलका होतो, यात प्राणबीण काही नाही. कारण त्याचंही चुकलं, पण यांत्रिक कारण शोधायची दिशा बरोबर होती. म्हणून मी ग्रिमच्या विरुद्ध बोपच्या बाजूचा, आणि मराठीत ‘सबल-दुर्बल क्रियापदे’ छापणाऱ्यांच्याही विरुद्ध. ‘श्टार्क’ला मी ‘मुरलेली क्रियापदं’ म्हणतो. लोणचं मुरतं तशी.

आघाताचं खरं सोनं केलं डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नरने, 1870च्या दशकात. जर्मनमध्ये ‘फाटर’, ‘मुटर’ यांत ट, पण ‘ब्रूडर’मध्ये ड, हे कोडं होतं. वैदिक उच्चारात ‘पितृ’ आणि ‘मातृ’चा आघात शेवटी, ‘भ्रातृ’चा सुरुवातीला. आघात कुठे होता त्यावर ट की ड ठरलं. सुटलं कोडं. ‘श्नाइडन’चा ड ‘गेश्निटन’मध्ये ट होतो तोही याच नियमाने. वेदपाठात पाठशाळेतली मुलं मान खाली-वर करून जे स्वर धरतात, त्यांचा हिशेब बर्लिनच्या न्हाव्याच्या ‘कापणे’ या क्रियापदात जमा आहे.

हे वाचून कुणी लगेच ‘म्हणजे संस्कृत ही जर्मनची जननी’ असा निरोप शंभर जणांना पाठवू नये. जननी नाही. दोघी चुलत बहिणी, आजी एकच, आणि तिचं लिहिलेलं एक अक्षरही हाती नाही. ‘जर्मन लोकांनी आपल्या ग्रंथांतून सगळं चोरलं’ म्हणणाऱ्या गृहस्थांशी माझं बोलणं बंद आहे.

‘असणे’चं सांगायचं राहिलं. ‘बिन’ (मी आहे) यात भू, ‘इस्ट’ (तो आहे) यात अस्, आणि ‘वार’, ‘गेवेझन’ या भूतकाळाच्या रूपांत वस्, म्हणजे आपलं वसणे, वस्ती, निवास. एका क्रियापदात तीन धातू. हसू नका, ‘जातो’मध्ये या आणि ‘गेला’मध्ये गम्, हे आपणही बिनतक्रार चालवतो.

तर बाई, शब्दाबद्दल: परीक्षेत ‘अनियमित’च लिहा, मार्क त्यालाच आहेत. मुलीला ‘वेर्डन’ अजून शिकवलं नसेल तर शिकवतील. त्याने जर्मनमध्ये भविष्यकाळ होतो. धातू वृत्, वर्तते. आपण त्याच धातूचा वर्तमानकाळ केला.