प्राचीन रोममध्ये मुलांना मारून शिकवणं सगळ्यांनाच मान्य होतं का?

नाही, वक्तृत्वाचा नामवंत रोमन शिक्षक क्विंटिलियन याचा तर छडीला उघड विरोध होता. सम्राट व्हेस्पाशियनने सरकारी पगारावर नेमलेला हा माणूस. इ.स. 95 च्या सुमारास त्याने वक्ता लहानपणापासून कसा घडवावा यावर बारा भागांचा ग्रंथ लिहिला, त्याच्या पहिल्याच भागात हा विषय येतो. मारण्याची चाल रूढ आहे हे तो मान्य करतो. पण त्याचं म्हणणं असं की, रागावूनही जो मुलगा सुधारत नाही तो माराला निर्ढावतो, आणि कुणी जवळ बसून रोज अभ्यास करून घेतला तर माराची वेळच येत नाही. म्हणजे दोष मुलाचा कमी, देखरेख करणाऱ्याच्या हयगयीचा जास्त. मला त्याच्या विचारातला हा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. अगदी लहान मुलांना तो हस्तिदंताची अक्षरं खेळायला द्यायला सांगतो. अभ्यास खेळासारखा असू दे, प्रश्न विचारा, कौतुक करा, बऱ्याचदा जिंकल्याचा आनंदही मिळू द्या, असं त्याचं सांगणं.

मात्र ही माया स्वतंत्र नागरिकांच्या मुलांपुरतीच. मार गुलामांना शोभतो, हेच तर त्याने विरोधाचं एक कारण दिलं आहे! शिवाय प्रत्यक्ष शाळांमधून छडी काही गेली नाही. रोमन आफ्रिकेत शिकलेल्या ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीनने सुमारे तीनशे वर्षांनंतर शाळेत खाल्लेल्या माराबद्दल लिहून ठेवलं आहे.