पर्यटनस्थळी निर्बंध लागले की सगळ्यात जास्त कोण भरडलं जातं?

ज्यांचं भांडवल रोज खातं, ते. माथेरानचे घोडेवाले घ्या. गावाच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या गाड्या जात नाहीत, त्यामुळे तिथे घोडा म्हणजे वाहतूक. पण दुकानाचं शटर ओढता येतं, घोड्याचं पोट बंद ठेवता येत नाही. ३०० किलोच्या जनावराला दिवसाला सहा किलोच्या आसपास सुका चारा लागतोच, शिवाय दर दीड-दोन महिन्यांनी नाल.

एप्रिल-मेची कमाई पावसाळ्यात पुरवायची असते. मार्च २०२०च्या टाळेबंदीने तो हंगाम गेला आणि एप्रिल २०२१च्या निर्बंधांनी लगेच दुसराही. एक हंगाम उधारीवर निघतो, सलग दोन गेले की जनावर विकायची वेळ येते. घोडा गेला की निर्बंध उठूनही धंदा उभा राहत नाही, म्हणून मदत रोख मिळण्याआधी चाऱ्याच्या रूपात मिळणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि घोडेवाल्यांनो, काम थांबलं की पहिल्या दिवसापासून चणे-भरडा कमी करा, गवत तेवढंच ठेवा आणि रोज फिरवा. खुराक तसाच ठेवून बांधून ठेवलेला घोडा अचानक कामाला लावला की मांड्यांचे स्नायू आखडतात, लघवी गडद होते. तसं दिसलं तर जागेवरच थांबवा, चालवू नका, पशुवैद्यांना बोलवा.