कपाळावर किती खाली? खोसा बायकांच्या डोक्याच्या फडक्याबद्दल प्रश्नोत्तरे

गेल्या वेळी दक्षिण आफ्रिकेतल्या कापडांवर लिहिताना तिथल्या खोसा समाजातल्या बायका डोक्याला बांधतात त्या फडक्याचा विषय मी एका ओळीत उरकला होता. सगळ्यात जास्त पत्रं आली ती त्याच ओळीवर. त्यातले काही प्रश्न घेते.

कामानिमित्त वर्षभर ईस्टर्न केपमध्ये, म्हणजे खोसांच्या प्रांतात, राहणार आहे. तिथल्या बायकांच्या फडक्याच्या रंगांचे अर्थ काय? एखादी यादी द्याल का? (पुणे)

यादी देणार नाही, कारण ती हातात धरून तुम्ही हमखास चुकाल. या फडक्याला खोसा भाषेत इक्हिया म्हणतात. त्यातला 'क्ह' आपल्यासारखा नाही. जीभ टाळूला चिकटवून झटकन सोडली की बाटलीचं बूच उडाल्यासारखा 'टॉक्' येतो, तो. देशभर चालणारा दुसरा शब्द म्हणजे डूक. तो आफ्रिकान्स भाषेतला, अर्थ नुसता 'कापड'.

रंग गावागणिक, चर्चगणिक आणि आता फॅशनप्रमाणे बदलतात. बघायचं ते कपाळ. नवी सून, म्हणजे उमाकोती, फडकं भुवयांना टेकेल इतकं खाली ओढून बांधते. अंगात पायघोळ झगा, खांद्यावर शाल. मूलबाळ झालं, घरात रुळली, की कड हळूहळू वर सरकते. आजेसासू होईपर्यंत त्या फडक्याचा घसघशीत फेटा झालेला असतो. एकावर एक कापडं, मण्यांचं काम, आणि जुन्या फोटोंमध्ये तोंडात लांब दांडीची चिलीमसुद्धा. जितका मान मोठा, तितका फेटा भारी.

रंग कसा फसवतो ते बघा. अनेक घरांत नव्या सुनेचं फडकं काळं असतं. आणि विधवा सुतकाच्या काळात, ज्याला उकुझिला म्हणतात, साधारण वर्षभर डोक्यापासून पायापर्यंत काळंच घालते. मुदत संपली की विधी करून ते कपडे उतरवतात, बऱ्याच घरांत जाळून टाकतात. आता नुसत्या काळ्या रंगावरून नवी नवरी कोण आणि विधवा कोण, कसं ओळखणार?

इंटरनेटवर खोसा स्त्री म्हणून लाल, पसरट, थाळीसारखी टोपी घातलेली बाई दिसते. तीच का ही? (सोलापूर)

नाही. ती टोपी म्हणजे इसिचोलो, विवाहित झुलू बायकांची. पूर्वी खुद्द केसच गेरू आणि चरबी लावून तसे उभारत, नंतर काढता-घालता येणारी टोपी आली. फोटोखाली कोणीतरी चुकीचं नाव टाकतं आणि पुढचे शंभर जण तेच उचलतात.

म्हणजे आपल्या डोक्यावरच्या पदरासारखंच झालं की! (सांगली)

बरंचसं, आणि तरी नाही. यामागे ह्लोनिफा नावाची रीत आहे, सासरच्या वडीलधाऱ्यांचा आदर राखण्याची. डोकं झाकणं हा तिचा दिसणारा भाग, खरी कसरत जिभेची. सुनेने सासऱ्याचं नाव तर घ्यायचं नाहीच, पण त्या नावातली अक्षरं ज्या शब्दांत येतात ते शब्दही टाळायचे. सासऱ्यांचं नाव पांडुरंग असेल तर 'पांढरं' बंद, 'रंग' बंद. दूध कसं दिसतं हे कसं सांगायचं, ते तिचं तिने बघावं. यातून बायकांचा पर्यायी शब्दांचा एक वेगळा साठाच तयार झाला आणि सासूकडून सुनेकडे जात राहिला. नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेणाऱ्या आपल्या आज्यांना हे लगेच कळलं असतं. सासरी नवं नावही मिळतं, बहुधा 'नो'ने सुरू होणारं. उदाहरणार्थ नोखाया, म्हणजे घराची आई.

फरक असा, की पदर माणूस बघून ओढला जातो. मामंजी आले की वर, गेले की खांद्यावर. इक्हिया बांधली की दिवसभर बांधलेली. शिवाय म्हातारपणी पदराची शान वाढत नाही, इक्हियाची वाढते.

एक साम्य मात्र मला फार आवडतं. इक्हिया 'घालणे' यासाठी खोसात जे क्रियापद वापरतात, थ्वाला, त्याचा अर्थ डोक्यावर वाहणे. पाण्याचं भांडं पेलायला डोक्यावर ठेवतात त्या कापडालाही इक्हियाच म्हणतात. आपली चुंबळ! केपटाउनमध्ये 2015 साली अकरा कृष्णवर्णीय स्त्री कलाकारांनी गट काढला, त्याला त्यांनी नाव दिलं इक्हिया, ते या चुंबळीवरूनच. 2017च्या डॉक्युमेंटा या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात हा गट होता.

हे फडकं मिशनऱ्यांनी आणि गोऱ्या मालकिणींनी लादलं, असं वाचलं. मग त्याचा अभिमान कसला? (मुंबई)

अर्धं खरं आहे. मिशनऱ्यांचा डोकं झाकण्याचा आग्रह होता. आणि वर्णभेदाच्या काळात गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या बाईच्या गणवेशात ॲप्रनच्या जोडीला डूक असायचाच. ज्यांच्या आयांनी तो घातला, त्यांतल्या काही मुलींना आजही तो नको वाटतो, आणि मी त्यांना दोष देणार नाही. पण गिरणीचं कापड येण्याआधीही खोसा बायका डोक्यावर मणी लावलेल्या कातड्याच्या टोप्या घालत. झाकण्याची रीत आधीची, कापड नंतरचं.

शिवाय वस्तू लादणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. 1962 साली प्रिटोरियात नेल्सन मंडेलांवर खटला चालला तेव्हा त्यांच्या पत्नी विनी मंडेला मण्यांचं शिरोभूषण आणि पायघोळ खोसा घागरा घालून कोर्टात बसल्या. त्या मूळच्या ईस्टर्न केपमधल्या बिझानाच्या, खोसाभाषक पोंडो समाजातल्या. 2 एप्रिल 2018 रोजी त्या गेल्या, तेव्हा देशभरच्या बायकांनी काळे कपडे आणि डूक घालून शोक पाळला. त्याआधी 2016 मध्ये एका वृत्तवाहिनीने डूक बांधलेल्या वार्ताहर बाईंचं वार्तांकन दाखवलं नाही, तर समाजमाध्यमांवर डूक घातलेल्या बायकांच्या फोटोंचा पूर आला होता. मोलकरणीचं फडकं मान खाली घालायला लावतं असं मानणाऱ्यांना मिळालेलं ते उत्तर होतं.

बहिणीने तिथून श्वेश्वे नावाचं छापील सुती कापड पाठवलंय. पुठ्ठ्यासारखं कडक आहे. खराब आहे का? (नागपूर)

उलट, अस्सल असण्याची खूण आहे. ती खळ आहे, धुतल्यावर जाते. पहिल्यांदा एकटंच धुवा, निळीचा रंग सुटतो. आटतंही, म्हणून शिवण्याआधी धुवा. लेसोथोचा राजा मोश्वेश्वे याला 1840च्या दशकात फ्रेंच मिशनऱ्यांनी असं निळं कापड भेट दिलं, त्यावरून हे नाव पडलं. खोसा बायका मात्र याला 'जर्मन' म्हणतात, जर्मन वसाहतवाल्यांच्या कापडावरून. 1982 पासून ते कोन्सेजवळ (पूर्वीचं किंग विल्यम्स टाउन) झ्वेलित्शात तयार होऊ लागलं. उमाकोतीचा झगा बहुतेक वेळा याचाच.

खोसा सहकाऱ्याच्या लग्नाला गावी बोलावलंय. मी डोकं बांधू का? नक्कल वाटेल का? (केपटाउनहून एक वाचक)

घरगुती विधी असेल तर बांधाच. अशा वेळी पाहुण्या बायकांनीही डोकं आणि खांदे झाकावेत, घागरा किंवा लांब स्कर्ट घालावा अशी अपेक्षा असते. पँट नको. गुरांच्या गोठ्याच्या बाजूला आपण होऊन जाऊ नका, ती पुरुषांची आणि पूर्वजांची जागा. बांधायला यूट्यूब बघत बसू नका, सहकाऱ्याच्या आत्याला सांगा. चौकोनी रुमालाचा त्रिकोण करतील, लांब कड कपाळावर धरतील, टोकं मानेमागे नेऊन फिरवून पुढे आणतील आणि खोचतील. फक्त भुवयांपर्यंत ओढू देऊ नका. कपाळ दिसलं पाहिजे, नाहीतर एखादी आजी हसत विचारेल, ही कुणाची सून? आणि एक मोठी सेफ्टी पिन बरोबर ठेवा. नाचताना खांद्यावरची शाल घसरते.